कानातल्या आवाजाला आवाजाचाच उतारा



आज आपण अशा आवाजाबद्दल बोलणार आहोत, जो ज्याचा त्यालाच ऐकू येतो. कुणाला तो रातकिड्यांसारखा वाटतो, कुणाला कुकरची वाफ सुटावी तसा 'सूंऽऽ', कुणाला बारीक शिट्टीसारखा, तर कुणाला लांबून येणाऱ्या गाडीच्या घरघरीसारखा. शेजारी बसलेल्या माणसाला यातलं काहीच ऐकू येत नाही. म्हणून घरात सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं, "तुला भास होतात." एकदा हे ऐकलं की बाई पुन्हा सांगायला जात नाही. रात्र रात्र जागते, दिवसा चिडचिडते आणि आपल्यालाच काहीतरी झालंय असं मानून गप्प बसते.

तर पहिली गोष्ट ही, की हा भास नाही आणि वेडही नाही. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत हाही आहे. म्हणजे दुखणं काही आजचं नाही. २०२२ साली देशोदेशीच्या पाहण्या एकत्र करून एक अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानुसार जगातल्या मोठ्या माणसांपैकी साधारण १४ टक्के लोकांना, म्हणजे ७४ कोटींहून जास्त लोकांना, असा आवाज कधी ना कधी आलेला आहे. त्यातल्या १२ कोटींहून जास्त लोकांना तो फार त्रास देतो. तेव्हा आपण एकट्या नाही.

हा आवाज येतो कुठून?

आपल्या कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारखा एक वेटोळा भाग असतो. त्यात केसांसारखी टोकं असलेल्या साधारण १५ हजार नाजूक पेशी असतात. बाहेरचा आवाज आला की त्या हलतात आणि मेंदूकडे निरोप पाठवतात. वय, मोठे आवाज, कानाचे आजार, काही औषधं यांमुळे या पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

मग मेंदू काय करतो? आपला रेडिओच डोळ्यांपुढे आणा. स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाजाचं बटण फिरवून मोठं करतो. त्यानं गाणं थोडं मोठं होतं, पण त्याबरोबर खरखरही मोठी होते. कानाकडून येणारा निरोप कमी झाला की मेंदूही असंच आपलं बटण वाढवतो, आणि मग आतलीच खरखर ऐकू येऊ लागते, असं आजचं शास्त्र मानतं. म्हणून पुष्कळ जणींना कानातला आवाज आणि कमी ऐकू येणं ही दोन्ही बरोबरच असतात.

ही खरखर खरं तर सगळ्यांच्याच आत थोडीफार असते. अमेरिकेत १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांनी सांगितलं की आम्हाला काहीतरी आवाज ऐकू आला. म्हणजे पूर्ण शांतता मिळाली की धडधाकट कानही बोलू लागतात. आपल्याकडे रात्री लाइट जाते, पंखा थांबतो आणि कानातला आवाज एकदम अंगावर येतो, त्याचं कारण हेच. आवाज वाढलेला नसतो, त्याला झाकणारा पंखा थांबलेला असतो.

आवाज आहे, पण त्रास का होतो?

नालासोपाऱ्यात किंवा विरारला रुळालगतच्या इमारतीत नवीन राहायला आलेल्या बाईला विचारा. पहिल्या आठवड्यात पहाटेच्या लोकलनं ती दचकून उठते. सहा महिन्यांनी पाहुणी विचारते, "अगं, या गाड्यांत तुम्हाला झोप कशी लागते?" तेव्हा तिच्या लक्षात येतं की गाडी आपल्याला ऐकूच येत नाही. गाडी तेवढीच मोठी आहे, कानही तेच आहेत. मेंदूनं ठरवलं की यात धोका नाही, मग लक्ष द्यायचं कारण नाही.

कानातल्या आवाजाचं उलटं होतं. तो सुरू होतो आणि मनात भीती बसते. मेंदूत गाठ तर नसेल? मी बहिरी तर होणार नाही? भीतीनं मेंदू त्या आवाजावर पहारा ठेवतो. पहारा ठेवला की तो जास्त ऐकू येतो, आणि जास्त ऐकू आला की भीती वाढते. पावेल यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञांनी १९९० साली हे चक्र नीट मांडलं. त्यांनी आणि लंडनच्या जोनाथन हेझल या डॉक्टरांनी मिळून त्यावर उपचाराची पद्धत बसवली. रुग्णाला नीट समजावून सांगायचं आणि कानाला सतत हलका आवाज द्यायचा, या दोन पायांवर ती उभी आहे. आवाज पुसायचा नाही, रुळालगतच्या गाडीसारखी त्याची सवय करायची, हे तिचं सूत्र आहे.

आधी डॉक्टर, मग यंत्र

कुठलंही यंत्र घेण्याआधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना कान दाखवा. पुष्कळदा आत मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढल्यावर आवाज थांबतो. घरी पिन, काडी घालू नका, गरम तेल ओतू नका. त्यानंतर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करा. यात दुखत नाही. हेडफोन लावून बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं.

काही खुणा मात्र वाट पाहण्याच्या नाहीत. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यात उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितका कान वाचण्याचा संभव जास्त. नाडीच्या ठोक्याबरोबर 'धप धप' असा आवाज येत असेल, आवाज एकाच कानात असेल, बरोबर जोरात गरगरत असेल, तोंड एका बाजूला झालं असेल किंवा डोक्याला मार लागल्यावर आवाज सुरू झाला असेल, तरीही दाखवायला उशीर करू नका. रोज कुठली औषधं घेता तेही सांगा. मोठ्या मात्रेतलं ॲस्पिरिन, काही अँटिबायोटिक इंजेक्शनं, कर्करोगावरची काही औषधं कानाला बाधतात. पण आपल्या मनानं कुठलंही औषध बंद करू नका.

आवाजाचा उपचार कसा सुचला?

१९७० च्या दशकातली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरात जॅक व्हर्नन नावाचे श्रवणशास्त्राचे संशोधक होते. चार्ल्स युनिस नावाचे एक डॉक्टर स्वतः कानातल्या आवाजानं हैराण होऊन त्यांच्याकडे आले. दोघं गावात फिरत असताना एका मोठ्या कारंज्यापाशी थांबले. तिथून युनिस हलायलाच तयार होईनात, कारण पाण्याच्या आवाजात त्यांचा कानातला आवाज ऐकूच येत नव्हता. त्यावरून व्हर्नन यांनी कानात घालता येईल असं आवाजाचं यंत्र तयार करवलं.

आपल्याला हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असताना, चिंचोटीच्या धबधब्यापाशी, अर्नाळ्याच्या किंवा कळंबच्या किनाऱ्यावर लाटांच्या गाजेत कान निवल्यासारखा वाटतो, तो याचमुळे. पाणी, पाऊस, वारा यांच्या आवाजात जाड-बारीक सगळे सूर एकत्र मिसळलेले असतात आणि त्यात एखादा बारीक सूर विरघळून जातो.

कुठकुठली साधनं असतात?

पहिलं साधन म्हणजे खोलीत ठेवायचं. टेबलावर ठेवायची लहान यंत्रं मिळतात, त्यातून पावसाचा, लाटांचा किंवा नुसता 'श्शऽऽ' असा आवाज येतो. हेच काम मोबाइलवरची फुकट ॲप करतात. साधा टेबलफॅनही चालतो. जुना काट्याचा रेडिओ असेल तर दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवला की जी खरखर येते, तीही उत्तम. आमचं स्टेशन सोडून जरा बाजूला जा, असं आम्ही एरवी कुणाला सांगणार नाही, पण झोपेसाठी सांगतो.

दुसरं म्हणजे उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर. एका खोलीत चार माणसं झोपत असतील तर हा बरा. दुसऱ्यांची झोप मोडत नाही.

तिसरं, कानामागे लावायचं आवाजाचं यंत्र. दिसायला श्रवणयंत्रासारखं असतं, पण ते हलका सळसळ आवाज देतं. कान पूर्ण बंद न करणारं घ्यावं लागतं, म्हणजे बाहेरचं बोलणं ऐकू येतं.

चौथं, श्रवणयंत्र. ज्यांना ऐकूही कमी येतं त्यांच्यासाठी हेच पहिलं औषध समजा. बाहेरची चिमण्यांची चिवचिव, भांड्यांचा आवाज, माणसांचं बोलणं पुन्हा आत येऊ लागलं की मेंदूला बटण वाढवावं लागत नाही. ऐकण्याचा ताण कमी होतो आणि आतला आवाज मागे पडतो. काही श्रवणयंत्रांत सळसळ आवाजाची सोयही असते.

याशिवाय हेडफोनमधून आवाज आणि त्याच वेळी जिभेला हलके विजेचे स्पंद देणारं एक नवं यंत्र निघालं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०२३ मध्ये त्याला परवानगी दिली. ते महाग आहे आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायचं असतं.

वापरायचं कसं?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवाज मोठा ठेवणं. कानातला आवाज बुडवायचा म्हणून यंत्र जोरात लावलं तर कानाला आणखी इजा होते. शिवाय जो आवाज ऐकूच येत नाही, त्याची सवय मेंदूला कशी होणार? म्हणून यंत्राचा आवाज इतकाच ठेवा की आतला आवाज त्याच्या मागे अंधुक ऐकू येत राहील. आमटीत मीठ विरघळावं तसे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळायला लागतील, त्याच्या किंचित खाली थांबायचं.

आवाज निवडताना असा निवडा की ज्याकडे लक्ष जाणार नाही. आवडीचं गाणं लावलं तर मन गाण्याच्या शब्दांत जातं. ते दिवसा विरंगुळ्याला छान, पण रात्री झोपेसाठी पाऊस किंवा लाटाच बऱ्या. एखादीला पाण्याच्या आवाजानं सारखं लघवीला जावंसं वाटतं. तिनं वाऱ्याचा आवाज घ्यावा.

दिवसात जितका वेळ घर अगदी शांत असतं, तितका वेळ हलका आवाज असू द्या. आवाज एकाच कानात येत असला तरी कानाची यंत्रं सहसा दोन्ही कानांना लावतात. फरक हळूहळू पडतो. यास्त्रेबॉफ यांच्या पद्धतीत वर्ष-दीड वर्षाचा काळ धरतात. चार दिवस लावून "काही उपयोग नाही" म्हणत कपाटात टाकू नका. आणि 'आज आवाज किती आहे' हे रोज तपासत बसू नका. तो पहाराच आपल्याला उठवायचा आहे. त्याऐवजी महिन्यातून एकदा वहीत लिहा: झोप कशी लागली, कामात लक्ष लागलं का, कितीदा रडू आलं.

आवाजच सहन होत नाही तेव्हा

काही जणींचं दुखणं वेगळं असतं. मिक्सर, कुकरची शिट्टी, मोरीत पडलेलं स्टीलचं ताट, पोरांचं किंचाळणं यांनी त्यांच्या कानात कळ जाते. बाकीच्यांना ते आवाज साधे वाटतात. याला हायपरॲक्युसिस म्हणतात. कानातला आवाज आणि हे दुखणं पुष्कळदा जोडीनं येतं. घरात अशा बाईला "नाजूक झालीस" म्हणून चिडवतात. ती लग्नाला जात नाही, देवळात आरतीला जात नाही, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते आणि शेवटी घराबाहेरच पडेनाशी होते.

अशा वेळी कानात बोळे घालून बसावंसं वाटतं. इथंच फसायला होतं. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही माणसांनी दोन आठवडे कानात बोळे घातले, तर काहींनी कानात हलका आवाज देणारी यंत्रं लावली. बोळेवाल्यांचे कान आणखी हळवे झाले, यंत्रवाल्यांची सहनशक्ती वाढली. अंधारातून आलेल्या माणसाला साधं ऊनही झोंबतं, तसंच हे.

म्हणून इथेही उपचार आवाजाचाच, पण अगदी हळू. यंत्र ऐकू येईल न येईल इतक्या आवाजावर सुरू करायचं आणि काही आठवड्यांनी, तेही ऑडिओलॉजिस्टच्या सल्ल्यानं, जरासं वाढवायचं. कळ येईपर्यंत कधीच वाढवायचं नाही. घरच्यांनी एवढं करावं: मिक्सर लावण्याआधी सांगावं, भांडी आपटू नयेत, मिक्सरखाली जाड फडकं घालावं.

बोळे मात्र खऱ्या मोठ्या आवाजात जरूर वापरा. विसर्जनाच्या मिरवणुकीतला डीजे, लग्नातला बँजो, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतली प्रेस मशिनं यांच्याजवळ कान झाकलाच पाहिजे. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास हीच मर्यादा तज्ज्ञ मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, १०० ला जेमतेम पाव तास. कारखान्यात काम करणाऱ्या मैत्रिणींनी मालकाकडे कानाची साधनं मागायला संकोच करू नये. आणि लोकलच्या खडखडाटावर मात करायला हेडफोन पूर्ण मोठा करणाऱ्या मुलींना हे आजच सांगा.

गुण येतो का, आणि पैसे किती घालायचे?

इथे आम्ही खरं तेच सांगू. कानातला आवाज कायमचा घालवणारं यंत्र आज कुठेही नाही. २०१८ साली आठ अभ्यास, त्यांतले ५९० रुग्ण, यांची एकत्र छाननी झाली. यंत्र वापरणाऱ्यांचा त्रास कमी झाला होता, मग यंत्र श्रवणयंत्र असो की सळसळ आवाजाचं, की दोन्ही एकत्र. एक दुसऱ्यापेक्षा सरस ठरलं नाही. पण काहीच न करण्यापेक्षा यंत्र नक्की बरं, असं सिद्ध करणारा पुरावाही त्या छाननीत सापडला नाही. अमेरिकेच्या डॉक्टरांच्या २०१४ च्या मार्गदर्शनात आवाजाचा उपचार 'करून पाहायला हरकत नाही' या वर्गात आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा विचार, आणि त्रासाचे विचार बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत, या दोन गोष्टी मात्र त्यांनी ठामपणे सुचवल्या आहेत. जिंको, झिंक यांच्या गोळ्या यासाठी घेऊ नका, असंही त्यात आहे.

यातून आपण काय घ्यायचं? सुरुवात फुकटच्या साधनांनी करा: पंखा, रेडिओ, मोबाइल. महिना-दोन महिने नेटानं करून पाहा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रावर खर्च करा, तो वाया जात नाही. ते आधी काही दिवस वापरून बघायला मागा. 'सात दिवसांत आवाज बंद' अशी जाहिरात दिसली तर मंगळसूत्र गहाण टाकून तिकडे धावू नका.

जायचं कुठे?

आपल्या जवळच्या पालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात नाक-कान-घशाचे डॉक्टर कुठल्या वारी येतात ते विचारा. पुढच्या तपासणीसाठी चर्चगेटची लोकल पकडून वांद्र्याला उतरलं की रेक्लमेशनला केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ मध्ये सुरू झालेली ही संस्था वाचा आणि श्रवण याच विषयाला वाहिलेली आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही १९६६ पासून या विषयाची शाळा आहे. श्रवणयंत्रासाठी केंद्राची 'एडिप' योजना आहे. तिला उत्पन्नाची आणि अपंगत्वाच्या टक्केवारीची अट असते, ती तिथेच विचारून घ्या. दुकानात जाल तर यंत्र बसवणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली ऑडिओलॉजिस्ट आहे का, हे विचारायला लाजू नका.

आवाजानं जीव नकोसा झाला असेल, मनात वाईट विचार येत असतील, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: आवाज कधीपासून येतो, एका कानात की दोन्ही, सारखा येतो की ठोक्यांनी, आणि त्यामुळे तुमचं काय अडतं. चौथी गोष्ट सगळ्यात नीट लिहा. आवाज दुसऱ्याला ऐकू येत नाही, पण मोडलेली झोप, सुटलेलं काम आणि बंद झालेलं जाणंयेणं सगळ्यांना दिसतं. घरच्यांनाही तेच सांगा. आणि घरात कुणी हे सांगत असेल, मग ती सासू असो, सून असो की दहावीतली मुलगी, तर "भास" म्हणायच्या आधी तिच्याबरोबर दवाखान्यात जा.